वीणा आणि तलवार : प्रभातच्या आवाराची वाटचाल

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या एका आवारात १९३३ पासून चित्रपट तयार झाले. १९६० पासून तिथेच ते शिकवले जाऊ लागले आणि १९६४ पासून ते जपून ठेवण्याचं काम सुरू झालं. प्रभात फिल्म कंपनी, फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय या तीन संस्थांच्या पाट्या वेगवेगळ्या आहेत, पण त्यांची वाटचाल एकच धरावी लागते. एकीनं निर्माण केलं, दुसरीनं शिकवलं, तिसरीनं राखलं. या वाटेचा एक फाटा आमच्या नगर जिल्ह्यातून गेला आहे आणि दुसरा थेट जपानपर्यंत पोहोचतो.

जपानचं नाव इथे मुद्दाम घेतलं आहे. प्रभातच्या भरभराटीच्या काळात क्योटोच्या स्टुडिओंमधून सामुराईंचे चित्रपट निघत होते. कथा जुन्या काळातली असेल तर क्योटो आणि आजची असेल तर टोकियो, अशी तिथे कामाची वाटणीच होती. आपल्याकडे पडद्यावर संत आले, पेशवे आले, पुराणातले राजे आले. तिकडे मालक गमावलेले रोनिन आले. हातात वीणा असो की तलवार, चांगल्या दिग्दर्शकाला बोलायचं असे ते आपल्याच दिवसांबद्दल. समाज कुठे निघाला आहे हे कळायला तो आपल्या पूर्वजांच्या तोंडून कोणते प्रश्न विचारतो ते पाहावं, असं मला फार मनापासून वाटतं. प्रभातच्या इतिहासात त्याचे पुरावे जागोजागी सापडतात.

कोल्हापूर : १९२९ ते १९३३

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात सुरू झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले होते. भांडवल उभं करणारे सीताराम कुलकर्णी पाचवे भागीदार झाले. ‘गोपाल कृष्ण’ या पहिल्या मूकपटानंतर लवकरच त्यांनी शिवचरित्राला हात घातला. शांतारामांनी स्वतः शिवाजी महाराजांची भूमिका केली आणि चित्रपटाला ‘स्वराज्याचे तोरण’ असं नाव दिलं. ‘स्वराज्य’ हा शब्द इंग्रज सेन्सॉरला खपला नाही. अखेर तो ‘उदयकाल’ या नावानं लोकांपुढे आला. तीनशे वर्षांपूर्वीच्या किल्ल्याची गोष्ट सरकारला आजची वाटली आणि सरकारचा अंदाज अचूक होता. प्रेक्षकांनाही ती आजचीच वाटत होती.

याच सुमाराला जपानमध्ये दाइसुके इतो हा दिग्दर्शक मूकपटांत बंडखोर तलवारबाज आणत होता. १९२९च्या त्याच्या ‘झानजिन झानबाकेन’मध्ये जुलमी कारभाराखाली पिचलेले शेतकरी दिसतात. तिकडे तेव्हा मंदी होती, कामगार-शेतकऱ्यांच्या चळवळी होत्या आणि डाव्या विचारांवर पोलिसांची नजर होती. आजची गोष्ट उघडपणे सांगणं धोक्याचं होतं, म्हणून सरंजामशाहीतल्या गावाचा आडोसा घेतला गेला. कोल्हापूर आणि क्योटो यांना एकमेकांची खबरही नव्हती, तरी दोघांनी वाट एकच शोधली.

पुणे : १९३३ ते १९४१

१९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’नं प्रभातला बोलतं केलं आणि १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. इथला पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’ १९३४चा. त्यात बळीची प्रथा बंद करू पाहणारा राजा आणि त्याच्याविरुद्ध कट रचणारा राजगुरू आहे. चंद्रमोहनचा पडदाभर झालेला डोळा अभ्यासकांना आजही आठवतो तो तंत्रासाठी, पण त्या डोळ्यात दिसते ती धर्मसत्तेची भीती घालण्याची रीत.

१९३५ मध्ये एकनाथांवर ‘धर्मात्मा’ आला. बालगंधर्व त्यात एकनाथ झाले. अस्पृश्याच्या घरी पंगतीला बसणाऱ्या या संताच्या चित्रपटाचं मूळ नाव ‘महात्मा’ होतं. गांधीजींचा हरिजन दौरा नुकताच झालेला असताना या नावाचा रोख कुणाच्याही ध्यानात आला असता. सेन्सॉरच्या तो आलाच आणि नाव पुन्हा बदललं. पैठण आमच्या शेवगावच्या पलीकडे, गोदावरीच्या काठी. सोळाव्या शतकातल्या त्या गावचा वाद विसाव्या शतकातल्या पुण्यात अजून मिटलेला नव्हता, म्हणून चित्रपटात जीव होता.

‘संत तुकाराम’ १९३६चा. दामले-फत्तेलालांनी देहू जसं उभं केलं, तसं गाव भारतीय पडद्यावर क्वचितच उभं राहिलं आहे. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आणि गौरीची आवली या दोघांत भक्ती आणि चूल यांचा वाद चालतो आणि चित्रपट आवलीला कधी खुजी करत नाही. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडल्याची आठवण वारकरी परंपरा सांगते. इथल्या कुणब्याला ती नुसती भाविक कथा वाटण्यासारखी नव्हती. १८७५ मध्ये सुप्याला पेटलेला सावकारांविरुद्धचा दंगा नगर जिल्ह्यात पसरला होता आणि शेतकऱ्यांनी कर्जखतं जाळली होती. त्या शेतकऱ्यांची नातवंडं तिकीट काढून तुकाराम पाहायला बसली होती. १९३७च्या व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला.

त्याच १९३७ मध्ये सादाओ यामानाकाचा ‘ह्युमॅनिटी अँड पेपर बलून्स’ जपानमध्ये लागला. एदो शहरातली एक चाळ, तिथे गळफास घेतलेला सामुराई आणि शेजारी राहणारा दुसरा बेकार रोनिन. पोट कापून सन्मानानं मरायला पहिल्याजवळ तलवारच उरली नव्हती; ती विकून खाल्ली होती. लष्कर शौर्याच्या घोषणा देत असताना यामानाकानं त्या शौर्याचं दारिद्र्य दाखवलं. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच दिवशी त्याला सैन्यभरतीचं फर्मान आलं आणि पुढच्याच वर्षी, २८व्या वर्षी, तो चीनमध्ये आजारानं गेला.

प्रभातनं पोशाखी चित्रपटांबरोबर आजचे चित्रपटही केले. ‘कुंकू’त जरठविवाह नाकारणारी तरुणी आहे, ‘माणूस’मध्ये पोलीस आणि वेश्या आहेत, ‘शेजारी’त हिंदू-मुसलमान म्हातारे आहेत. दोन्ही प्रकारांत संस्थेचा प्रश्न एकच होता : रूढी माणसाला जगू देते का?

नगरचा ज्ञानेश्वर : १९४०

‘माणूस’मधला गणपत पोलीस आणि ‘संत ज्ञानेश्वर’मधले ज्ञानेश्वर एकाच नटानं केले. शाहू मोडक यांचा जन्म १९१८चा, अहमदनगरचा, मराठी ख्रिस्ती कुटुंबातला. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळा आणि नारायण वामन टिळकांचं वास्तव्य यांमुळे नगरमध्ये ख्रिस्ती मराठीचं एक संपन्न वळण तयार झालं होतं. त्या शहराचा मुलगा पडद्यावर श्रीकृष्ण झाला, ज्ञानेश्वर झाला आणि घराघरांतल्या लोकांनी त्याला हात जोडले.

या निवडीचं मोल मोठं आहे. वाळीत टाकलेल्या संन्याशाच्या चार लेकरांची ही गोष्ट. मुंजीसाठी, शुद्धिपत्रासाठी ती पैठणच्या पंडितांच्या दारात उभी राहतात आणि पुढे नेवाशाला, प्रवरेकाठी, गीतेवरचं भाष्य लोकांच्या बोलीत सांगितलं जातं. नेवाशाचा पैस खांब आजही आमच्या जिल्ह्यात आहे. बहिष्कृत ठरवलेल्या मुलांची कथा सांगताना प्रभातनं मुख्य भूमिकेसाठी जात-धर्म पाहिला नाही आणि प्रेक्षकांनीही पाहिला नाही. १९४०च्या महाराष्ट्रात हे घडू शकलं, ही नोंद नगरच्या इतिहासात ठळक अक्षरांत असायला हवी.

किल्ल्यातले कैदी आणि पडद्यावरचा न्यायाधीश : १९४२ ते १९४५

१९४२ मध्ये शांताराम प्रभात सोडून गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नेहरू, पटेल, मौलाना आझाद, नरेंद्र देव आणि काँग्रेस कार्यकारिणीतले इतर सहकारी नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले गेले. ते कैदेत असतानाच, १९४४ मध्ये, प्रभातचा ‘रामशास्त्री’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शनाचा भार मुख्यतः गजानन जागीरदारांनी वाहिला आणि शीर्षक भूमिकाही केली. पुतण्याच्या खुनाबद्दल राघोबादादाला तोंडावर दोषी ठरवणारा आणि त्याच्या राज्यात पाणी पिणार नाही म्हणून पद सोडून जाणारा हा न्यायाधीश. देशाचे नेते विनाचौकशी गजाआड असताना ‘सत्ताधाऱ्यालाही कायदा लागू आहे’ हे वाक्य पेशवाईच्या पगडीखालून बोललं गेलं. प्रभातच्या साऱ्या ऐतिहासिक चित्रपटांत मला हा सर्वांत धीट वाटतो.

जपानमध्ये उलटं घडत होतं. ‘४७ रोनिन’ची लोकप्रिय कथा सरकारला युद्धासाठी हवी होती, मालकासाठी मरणारे नोकर हा त्याला सोयीचा आदर्श होता. केन्जी मिझोगुचीनं १९४१-४२ मध्ये दोन भागांत ती केली, पण ज्या हल्ल्यासाठी लोक कथा ऐकत तो हल्लाच पडद्यावर दाखवला नाही. १९४५ मध्ये अमेरिकी ताबा आला आणि सरंजामी निष्ठा, सूड यांचा गौरव करणारे विषय निषिद्ध विषयांच्या यादीत गेले. सामुराईपट जवळपास थांबले. आपल्याकडे सेन्सॉरनं ‘स्वराज्य’ खोडलं, तिकडे ‘सूड’ खोडला. राज्यकर्ते कुणीही असोत, जुन्या गोष्टीत केवढं बळ असतं हे त्यांना नीट ठाऊक असतं.

स्टुडिओ मिटला, शेतकरी उठला : १९५३-५४

१९४५ मध्ये दामले गेले. १९४६च्या ‘हम एक हैं’मधून देव आनंद पडद्यावर आला आणि गुरुदत्तही तेव्हा याच आवारात उमेदवारी करत होता. पण कंपनीचा कणा मोडला होता. भागीदार पांगले, खर्च वाढले, नटांना महिन्याच्या पगारावर ठेवणारी जुनी स्टुडिओपद्धत युद्धानंतरच्या पैशापुढे टिकेना. १९५३ मध्ये प्रभात बंद झाली.

पुढच्याच वर्षी जपानमध्ये अकिरा कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराई’ आला. ताबा १९५२ मध्ये उठला होता, तलवार पडद्यावर परतली होती, पण आता ती वेगळ्या हातांसाठी उपसली जात होती. तीन तास सत्तावीस मिनिटांच्या या चित्रपटात दरोडेखोरांना कंटाळलेले शेतकरी सामुराई भाड्यानं आणतात. मोबदला फक्त जेवण. शेतकरी स्वतः भरड धान्य खाऊन रक्षकांना तांदूळ वाढतात. तोशिरो मिफुनेचा किकुचियो खोटी वंशावळ घेऊन सामुराई म्हणून मिरवतो. मुळात तो शेतकऱ्याचा पोर. शेतकऱ्यांना धूर्त आणि कपटी म्हणणाऱ्या सामुराईंना तोच सुनावतो की त्यांना तसं तुम्हीच केलंत. शेवटी चार सामुराई मातीखाली असतात, लावणी करणाऱ्या बायका गात असतात आणि वाचलेला म्होरक्या कबूल करतो की जिंकले ते शेतकरी.

हा निष्कर्ष १९५४ साली का सुचला? युद्धानंतरच्या जमीन सुधारणेत जपानमधल्या कुळांना जमिनी मिळाल्या होत्या. गावच्या सत्तेचा पाया हलला होता. नगरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. मुंबई राज्यात कुळकायदा १९४८चा. त्याच सुमाराला लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर सहकारी साखर कारखाना उभा केला. आजवर ज्याचं रक्षण करायचं किंवा ज्याला लुटायचं तो शेतकरी एकत्र येऊन स्वतः निर्णय घेऊ लागला, हा दोन्ही ठिकाणचा बदल. १९७५च्या ‘शोले’नं हीच गोष्ट आपल्याकडे आणली, पण एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. कुरोसावाच्या गावात शेतकरी बैठक घेऊन माणसं आणायचं ठरवतात. रामगढमध्ये ते एकटा ठाकूर ठरवतो. कथा आली, गावाची बैठक मात्र वाटेत राहिली.

शाळा आणि तिजोरी : १९६० नंतर

१९६० मध्ये प्रभातच्या रिकाम्या आवारात भारत सरकारनं फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. इथे दोन माणसांचं नाव आदरानं घ्यायला हवं. प्राध्यापक सतीश बहादूर यांनी चित्रपट कसा पाहावा हे शिकवलं आणि पी. के. नायर यांनी पाहायला चित्रपट गोळा केले. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची रिळं नायरांनी नाशिकला त्यांच्या कुटुंबाकडून मिळवली. परदेशी अभिजात चित्रपटही त्यांनी तेवढ्याच जिद्दीनं जमवले. या दोघांच्या रसास्वाद वर्गांत देशभरचे शिक्षक, पत्रकार, नाटकवाले येऊन बसले. १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ स्थापन झालं. अशा फिल्म सोसायट्यांनी संग्रहालयाच्या प्रती गावोगावी नेल्या. शिवाजी महाराजांचा मूकपट जिथल्या कंपनीनं काढला होता, त्या आवारात मराठी तरुण आता रोनिन पाहू लागले.

त्यांनी काय पाहिलं? १९६१चा ‘योजिम्बो’ : रेशमाचा व्यापारी आणि दारूचा व्यापारी यांच्या पगारी गुंडांत सडलेलं गाव. जपान तेव्हा उत्पन्न दुप्पट करण्याच्या घोषणेत दंग होता आणि कुरोसावा त्या पैशाकडे बोट दाखवत होता. १९६२चा मासाकी कोबायाशीचा ‘हाराकिरी’ : १६३० सालची गोष्ट. मालकाची जहागीर गेल्यानं देशोधडीला लागलेला रोनिन एका बड्या घराण्याच्या दारात येतो आणि त्यांच्या इभ्रतीचे मुखवटे एकेक करून फाडतो. त्याच्या जावयाला त्यांनी बांबूच्या तलवारीनं पोट कापायला लावलेलं असतं. कोबायाशी युद्धात सक्तीनं भरती झाला होता आणि साधा शिपाईच राहण्यासाठी त्यानं बढती नाकारली होती. वरिष्ठांच्या आज्ञेत विवेक गहाण टाकणाऱ्या पिढीला त्यानं हा चित्रपट दाखवला.

‘हाराकिरी’ घराण्याच्या रोजनाम्यानं सुरू होतो आणि त्याच रोजनाम्यातल्या खोट्या नोंदीनं संपतो. मारले गेलेले आजारानं मेले असं लिहिलं जातं. राघोबादादाच्या पुतण्याच्या, नारायणरावांच्या, खुनाची आपली लोककथाही एका बदललेल्या कागदाभोवती फिरते. रामशास्त्री त्या कागदामागचं सत्य मोठ्यानं बोलतो, तर कोबायाशीच्या गोष्टीत सत्य दडपलं जातं आणि ते फक्त प्रेक्षकाला ठाऊक उरतं. १९४४च्या भारताला न्याय शक्य वाटत होता, १९६२च्या जपानला आपल्या संस्थांवर विश्वास उरला नव्हता. दोन देशांची मनं या दोन शेवटांत वाचता येतात. पुढे २००२ मध्ये योजी यामादाचा ‘ट्वायलाइट सामुराई’ आला. त्यातला नायक कोठारावरचा कारकून, काम संपलं की मुली आणि म्हातारी आई यांच्यासाठी थेट घरी जाणारा. मंदीत नोकऱ्या गमावलेल्या जपानी मध्यमवर्गानं स्वतःला त्याच्यात पाहिलं.

हा ठेवा राखणं सोपं नव्हतं. ८ जानेवारी २००३ रोजी आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि प्रभातच्या मूळ प्रतींसह फार मोठं धन जळालं. २०१६ मध्ये नायर पुण्यातच गेले. २०२२ पासून संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली आलं असून जुन्या चित्रपटांचं डिजिटायझेशन आणि दुरुस्ती चालू आहे. जळलेलं परत येणार नाही, म्हणूनच उरलेल्याची किंमत वाढली आहे.

नगरच्या वर्गात

वाटचालीचा पुढचा टप्पा पुण्याबाहेरचा आहे. नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापन अभ्यासाचा विभाग आहे. करमाळ्याच्या जेऊरहून आलेले नागराज मंजुळे तिथे शिकले. शाळेची ओढ असलेल्या वंचित मुलावरचा ‘पिस्तुल्या’ हा लघुपट त्यांनी शिकत असताना केला आणि तो राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेला. २०१३चा ‘फँड्री’ नगरजवळच्या अकोळनेरची गोष्ट सांगतो. डुकरं धरणाऱ्या कैकाडी घरातला जब्या शेवटी दगड भिरकावतो तो थेट प्रेक्षकाच्या दिशेनं. आंबेडकर आणि सावित्रीबाई यांची चित्रं रंगवलेल्या भिंतीसमोरून मेलेलं डुक्कर वाहून नेलं जाताना दिसतं.

‘धर्मात्मा’पासून ‘फँड्री’पर्यंत ७८ वर्षं झाली. एकनाथांच्या चित्रपटात वरच्या जातीचा सज्जन खाली वाकून जेवायला बसतो. जब्याच्या चित्रपटात खालचा मुलगा कुणाच्या दयेची वाट पाहत नाही. कुरोसावाच्या किकुचियोनं जे सुनावलं, त्याच्या पुढचं पाऊल हे आहे. गोष्ट सांगणाराच आता त्या वस्तीतला आहे आणि त्याला संताच्या किंवा सरदाराच्या पोशाखाची गरज उरलेली नाही. महाराष्ट्र किती बदलला आणि किती अडून राहिला, दोन्ही या अंतरात मोजता येतं.

पुढची वाट

ज्या संस्थेनं वाट घडवली, तिचा ठेवा आज पुण्याच्या तिजोरीत सुरक्षित असणं पुरेसं नाही. तो जिल्ह्याच्या वर्गात यायला हवा. माझी सूचना साधी आहे. अहिल्यानगर, म्हणजेच आमच्या नगर, जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी वर्षाला चार जोड्या निवडाव्यात : ‘संत तुकाराम’ आणि ‘ह्युमॅनिटी अँड पेपर बलून्स’, ‘रामशास्त्री’ आणि ‘हाराकिरी’, ‘धर्मात्मा’ आणि ‘फँड्री’, ‘शेजारी’ आणि ‘सेव्हन सामुराई’. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दुसरा आणि तिसऱ्या दिवशी फक्त चर्चा. इतिहासाच्या, मराठीच्या, समाजशास्त्राच्या शिक्षकांनी एकत्र बसून ती चालवावी. नेवासा, शेवगाव, पारनेर, अकोले इथल्या मुलांना आपल्या आजोबा-पणजोबांचा काळ आणि परक्या देशाचा काळ एकाच प्रश्नानं तपासता येईल : ही जुनी गोष्ट कुणाच्या बाजूनं सांगितली आहे? आज पडद्यावर ढाल-तलवारी पुन्हा मोठ्या संख्येनं चमकत आहेत. अशा वेळी हा प्रश्न विचारायला शिकलेला प्रेक्षक तयार करणं, हेच प्रभातच्या आवाराचं उरलेलं काम आहे आणि ते आता आपल्यालाच करायचं आहे.